घराला ‘द’ लागत नाही

“घर में एक बुआ थीं सर, वो एक्सपायर हो गईं. इसीलिए.”

रोहितदादा फाटकापाशी उभा राहून फोनवर बोलत होता. मी तुझ्या चादरी धुवायला टाकायला जिन्यातून खाली येत होते. तो साहेबांकडे तेरवीपर्यंतची रजा मागत होता आणि ती मिळाली असावी, कारण फोन ठेवून त्यानं मोठा श्वास सोडला. मला बघून म्हणाला, ईशू, चहा मिळेल का गं. मी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले. नेहमीसारखी.

आत्या, त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा साहेब तुला ओळखत नाही. इंग्रजीत ज्याला ठाऊक नाही त्याला पहिल्यांदा सांगताना ‘ए’ लावायचा, मग पुढे ‘द’, हा तुझाच नियम, आणि दादा तो तुझ्याकडेच शिकला. काका त्याला दर उन्हाळ्यात भोपाळहून तुझ्याकडे पाठवायचे, इंग्रजी सुधारायला. तुझ्या आजारपणात दवाखान्यात सगळ्यात जास्त धावला तोही तोच. हे सगळं मला कळत होतं. तरी चहात साखर घालायची राहिली. दादानं तो तसाच पिऊन टाकला.

एक बुआ. जसा घरात एक कूलर होता, एक शिलाई मशीन होती. बिघडली, गेली.

हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार? आई म्हणाली असती, काय त्या ‘एक’ला धरून बसलीस, इकडे भांडी पडलीत. एका शब्दावरून अख्खी दुपार भांडणारी या घरात तूच होतीस, म्हणून तुलाच सांगते. आणि मराठीत सांगते, जी मी बोलायला लागले की घरचेच हसतात, कारण तिसऱ्या शब्दाला माझी हिंदी होते. इंग्रजीत मला हे सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत प्रत्येक नामापाशी थांबून ठरवावं लागतं, हे ओळखीचं की अनोळखी. तुझ्याबद्दल लिहिताना मला तसं थांबायचं नाही.

आपलं भांडण फार जुनं. तू इंग्रजी शिकलीस हिंदी शाळेत, व्याकरणाच्या पुस्तकातून, आणि मग जबलपूरजवळच्या पनागरच्या सरकारी शाळेत ती शिकवत राहिलीस. मला लहानपणीच अशा शाळेत घातलं की तिथं मराठी सोडाच, मधल्या सुट्टीत हिंदी बोललं तरी टीचर डोळे वटारायच्या. त्यामुळे मला नियम एकही येत नव्हता आणि माझी चूक होत नव्हती. तुला सगळे नियम पाठ होते आणि तोंड उघडलंस की चूक. वर्गात नाही. फळ्यापुढे तू कधी चुकली नाहीस. घरात चुकायचीस, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, तू मुद्दाम चुकायचीस.

शाळेतून निघताना तू फोन करायचीस. मी उचलला की इंग्रजीत सांगायचीस, “आय ॲम गोइंग टु द होम.” मी म्हणायचे, आत्या, होमला द लागत नाही. टू पण लागत नाही. नुसतं गोइंग होम.

“बाजाराला लागते, स्टेशनला लागते, पोस्टाला लागते,” तू म्हणालीस. “मंग घरालाच काहून नाही? घर तर एकच राहते माणसाले.”

“म्हणूनच नाही लागत.”

“मले लागते.”

आणि फोन ठेवून दिलास. त्या वयात मला नुसतं हसू यायचं. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला घरापुढे ‘द’ का लावावासा वाटतो, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. तू ते कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पाहुण्यांसमोर मात्र तू त्याचाच विनोद करायचीस. कोणी आईला विचारायचं, या कोण, आणि आई सांगायची, यांची बहीण. कॉलनीत तू शर्माजींच्या शेजाऱ्यांची बहीणसुद्धा होतीस. पाहुणे गेले की मला म्हणायचीस, बघ, मी नेहमी ‘द सिस्टर ऑफ’. ‘ऑफ’ लागला की ‘द’ फुकटात मिळतो. फुकटचा मला नको.

तुझी दुसरी ठरवून केलेली चूक म्हणजे मी. माणसाच्या नावापुढे द लागत नाही, हे तू संध्याकाळी आपल्या समोरच्या खोलीत शिकवणीला येणाऱ्या मुलांकडून घोटून घ्यायचीस आणि आतून मी दिसले की हाक मारायचीस, “दी ईशा.” द नाही, दी. कारण ई स्वर आहे, आणि पुढे स्वर आला की द नरम पडतो. तो धडा मला पडद्याआडून पाठ झाला होता. “द ॲपल बोलके देखो, ज़बान अटकती है कि नहीं? अब दी ॲपल. देखो मत, सुनो. अक्षर नहीं, आवाज़.” मग समोरची खोली एका सुरात ओरडायची, दी ॲपल, दी एग, दी अंकल. दी अंकलला समोरच्या गॅलरीतले खरे अंकल वर्तमानपत्र खाली करून बघायचे.

मुलांना वाटलं, दी म्हणजे दीदी. ती मला ईशा दी म्हणायला लागली. तुला याचा इतका आनंद झाला की तू त्याचा सिद्धांतच बनवलास. इंग्रज मान पुढे लावतात, आपण मागे. तिकडे दी ईशा, इकडे ईशा दी. तिकडे द नर्मदा, इकडे नर्मदाजी. म्हणायचीस, जबलपूरला कोणी नुसतं ‘नर्मदा’ म्हणून दाखवावं, ग्वारीघाटावरचा नावाडी नावेत पाय ठेवू देणार नाही. मी म्हणायचे, आत्या, नद्यांना द लागतो तो व्याकरणाचा नियम आहे, मानाचा नाही, ॲमेझॉनलाही लागतो. तू म्हणालीस, मग तिथल्या लोकांना विचार, तेही जी म्हणत असतील.

तुझी राख आम्ही तिथंच सोडली. बाबा नावेत गेले, मी पायऱ्यांवर थांबले. गुरुजी तुझ्या वडिलांचं नाव घेत होते, गोत्र सांगत होते, पुन्हा तेच, अमक्याची मुलगी. मी मनात म्हटलं, द नर्मदा, सांभाळ. तुझं ऐकून म्हटलं. मला अजूनही वाटतं तो मानाचा नाही.

तुझ्या शिकवणीत एक रीत होती. ती दुसऱ्या कुठल्या क्लासात असेल असं वाटत नाही. नवीन मूल आलं की तू त्याला बाहेरच्या दारात उभं करायचीस आणि बाकीचे सगळे म्हणायचे, “अ गर्ल हॅज कम.” ती बिचारी दप्तर छातीशी धरून लाल व्हायची. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी दारात दिसली की तेच सगळे दुप्पट जोरात, “द गर्ल हॅज कम!” मग तिला पुढच्या रांगेत जागा. धडा एवढाच. एकदा मागच्या गल्लीतली एक छोटी पहिल्या दिवशी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली, आणि वर्ग भरल्यावर उठून बाहेर गेली, दार लोटलं आणि परत आत आली. तिला ते ‘द’ स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

मी त्या दारातून कधी आले नाही. मी आतल्या दारातली, पडद्यामागची. “आतून काहून बघून राहिली?” तू विचारायचीस. “ये ना एकदा बाहेरून.” मी हसून स्वयंपाकघरात जायचे. तू आग्रह करायची नाहीस. फक्त पडदा तू कधी पूर्ण ओढू दिला नाहीस, वीतभर उघडा ठेवायचीस.

मग ते नागपूरचे लोक आले. मला बघायला आले, असं मी लिहिणार होते. चूक. ते मुलगी बघायला आले होते. हा फरक तू त्या दिवशी भर बैठकीत केलास.

मी पोहे दिले आणि समोर बसले. मुलाची आई विचारत होती, मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. त्या माझ्या आईला म्हणाल्या, फारच कमी बोलते हो, इंग्लिश मीडियमची आहे ना? मराठी येते की नाही? आई ओशाळून म्हणाली, येते, येते, थोडी लाजाळू आहे. मुलगा मोबाइलमध्ये होता. शेवटी ते उठले, आणि त्या बाई म्हणाल्या, चला, मुलगी बघितली, कळवतो.

तू दारात चष्मा पुसत उभी होतीस.

“मुलगी तर बघितली,” तू म्हणालीस. “आता ईशाले कधी बघता?”

त्यांना कळलं नाही. बाबांना कळलं, ते खोकत बाहेर गेले. नागपूरहून काही निरोप आला नाही. आई तुझ्यावर इतकी संतापली की म्हणून गेली, स्वतःचं झालं नाही तर पोरीचंही होऊ देणार नाही का. ते वाक्य घरात पुन्हा कोणी काढलं नाही, पण ते कुठे गेलंही नाही. आई आता तुझ्या कपाटाशी उभी राहून रडते, तुझ्या साड्यांच्या घड्या मोडून परत घालते, हेही मला इथे लिहायचं आहे.

संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर तू मला फळ्यापाशी बोलावलंस. दोन वाक्यं लिहिलीस. मुलगी बघितली. मुलीला बघितलं. म्हणालीस, तू नेहमी म्हणतेस ना मराठीत द नाही? हा बघ, ‘ला’मध्ये लपून बसलाय. वरच्या वाक्यात कोणतीही चालते. खालच्यात तीच लागते. मग खडू ठेवून हात झटकलेस आणि दुसरीकडे बघत म्हणालीस, “माह्यासाठी पण लोक मुलगीच बघायले येत. एक दिवस मी बाहेरच आली नाही.”

बस, एवढंच. त्यानंतर तू फळा पुसलास. मी तिथं उभी होते आणि मला तुला काहीतरी म्हणायचं होतं. ‘थँक यू’ हा शब्द तोंडात आला आणि तो इतका शाळेतला वाटला की मी गिळला. मराठीत त्याला काय म्हणतात ते पुस्तकात आहे, पण घरात कोणी कोणाला म्हणत नाही. मी तुझ्या हातातून डस्टर घेतलं आणि बाहेर झटकून आणलं. तुला कळलं असेल. तू ऐकायचीस, बघायची नाहीस.

दवाखान्यातही तुझे कान शाबूत होते. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आले आणि तुझ्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, शी इज अ नोन केस ऑफ डायबिटीस. तू डोळे मिटून पडली होतीस. ते पुढच्या खाटेपाशी गेल्यावर तू एक डोळा उघडलास.

“नोन म्हणते आन् ए लावते,” तू कुजबुजलीस. “ओळखीची असली तर द पाहिजे ना?”

मी इतकी हसले की सिस्टर रागावल्या. तूही हसलीस, हाताची नळी हलली, त्या आणखी रागावल्या. त्या वॉर्डात सगळे दबलेल्या आवाजात बोलत होते आणि आपण दोघी एका शब्दावरून हसत होतो. लोक म्हणतात, शेवटी फार सोसलं त्यांनी. सोसलंसच. पण डॉक्टरचा ‘ए’ तू सोसला नाहीस.

आपलं शेवटचं भांडण तिथलंच. शेजारच्या खाटेवरच्या आजीला तिची नात गोष्ट सांगत होती, एक राजा था. तू म्हणालीस, बघ, गोष्टीत सुरुवातीला सगळे ‘एक’च असतात. राजा असला तरी. दुसऱ्या वाक्यापासून तो राजा होतो. दुसरं वाक्य आलंच नाही, तर बिचारा जन्मभर ‘एक’च राहतो. मी म्हटलं, पण आपल्यात दुसऱ्या वाक्यात काहीच लागत नाही. नुसतं ‘राजा’. म्हणजे मराठीतला द म्हणजे रिकामी जागा. तू म्हणालीस, थांब, याचं उत्तर आहे माझ्यापाशी. आता दम लागून राहिला. उद्या सांगते.

उत्तर राहिलं. मला वाद हरायची सवय होती, जिंकायची नाही. हा असा जिंकलेला मला नको आहे.

तेरवीला संध्याकाळी सभा ठेवली होती, तुझ्याच शिकवणीच्या खोलीत, कारण घरात मोठी खोली तीच. फळा काढून ठेवू या, भिंत बरी दिसेल, असं काका म्हणाले. बाबा म्हणाले, राहू दे. फळ्यासमोर टेबल, टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार. खुर्च्यांवर कॉलनीतले लोक, खाली सतरंजीवर तुझी मुलं, शाळेच्या गणवेशातच आलेली. मी माझ्या जागी, आतल्या दारात, पडद्यामागे.

दादा उभा राहिला. बोलणारा आमच्याकडे तोच. हिंदीत बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून.

“हमारे घर में एक बुआ थीं. बहुत सीधी-सादी. कभी किसी से कुछ नहीं माँगा. कभी किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की.”

सतरंजीवरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ऊँची आवाज़ नहीं? ज्या आवाजानं अंकलचं वर्तमानपत्र खाली व्हायचं तो कोणाचा होता? आत्या, तू सीधी-सादी नव्हतीस. नागपूरकरांसमोर चष्मा पुसणारी बाई सीधी-सादी नव्हती. तू काही मागितलं नाहीस हेही खोटं. तू रोज फोनवर घर मागत होतीस, ‘द’सकट, आणि मी व्याकरण सांगून देत नव्हते.

मी वाट बघितली. दादाच्या पुढच्या वाक्यात तरी तू येशील. गावात तुझ्या हाताखालून गेलेली किती मुलं आहेत, त्यातलं एखादं येईल, तू कशावर भांडायचीस ते येईल, निदान तुझं नाव येईल. दादानं चष्मा वर केला, डोळे पुसले आणि म्हणाला, अब हम सब खड़े होकर दो मिनट का मौन रखेंगे.

म्हणजे झालं. पहिलं वाक्य झालं आणि दुसरं नाही. खुर्च्या सरकायला लागल्या. आता सगळे गप्प राहणार होते, आणि गप्प राहण्यात माझ्याइतकी तयारी कोणाचीच नव्हती.

मी पडदा सोडला. मागच्या दारानं बाहेर पडले, भिंतीच्या कडेकडेनं, धुणं वाळत होतं त्याच्या खालून, चपलांचा ढीग ओलांडून पुढे आले आणि बाहेरच्या दारात उभी राहिले. मुलांनी सवयीनं माना वळवल्या. दारात कोणी आलं की बघायचं, हे तू त्यांना शिकवलं होतंस. मग दादानं बघितलं, मग आईनं. सगळे उभे होते. मला वाटलं आवाज निघणार नाही. निघाला, आणि मराठीत निघाला, आणि हवा होता त्यापेक्षा मोठा.

“दादा, एक नाही,” मी म्हटलं. “दी आत्या. आ स्वर आहे, म्हणून दी.”